वर्डचा क्लास आणि सरांच्या वह्या

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी उतरवून काढलेलं)



संयोजकांनी मला विषय दिला होता कृत्रिम बुद्धिमत्तेचा. मी तो बदलून मागितला. त्या विषयावर बोलणारे आता दर शनिवारी कुठे ना कुठे बोलतात, आणि त्यातले निम्मे माझ्यापेक्षा आत्मविश्वासानं बोलतात. मी आज एमएस वर्डवर बोलणार आहे. हो, तेच वर्ड. ज्यात अर्ज टाइप करतात ते.

हसू आलं ना? माझ्या ऑफिसातही आलं होतं. मी वीस वर्षं सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे, आणि मागच्या वर्षी मी एका कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं. प्रगत शब्दप्रक्रिया, म्हणजे वर्ड नीट वापरण्याचा अभ्यासक्रम. बारा आठवडे, दर शनिवारी संध्याकाळी दोन तास, दर आठवड्याला गृहपाठ आणि शेवटी परीक्षा. आमचे चिरंजीव म्हणाले, "आई, तू उद्या कॅल्क्युलेटरचा पण क्लास लावशील." एका सहकाऱ्यानं विचारलं, नोकरी बदलतेयस का.

कारण साधं होतं. ही जी स्मरणिका आज तुमच्या हातात आहे, तिचं काम समितीनं माझ्यावर टाकलं. "तू कॉम्प्युटरवाली आहेस, तुला काय अवघड," असं म्हणून. आता कॉम्प्युटरवाली म्हणजे सगळंच येणारी, हा आपल्याकडचा जुना समज. बाळाच्या डॉक्टरला गुरांचं औषध विचारावं तसं. मी प्रोग्राम लिहिते. पुस्तक कसं बांधतात, त्यात अनुक्रमणिका कशी आपोआप येते, तळटीप कशी द्यायची, शेवटी नावांची सूची कशी करायची, हे शिकायची वेळ मला कधी आलीच नव्हती.

आणि दुसरं कारण सरांच्या वह्या. त्याविषयी पुढे सांगते, कारण खरं भाषण तेच आहे.

आधी क्लास. आम्ही एक्केचाळीस जण होतो. त्यात दोन ग्रामपंचायतीचे ऑपरेटर, कोर्टातले एक लिपिक, पीएचडीचा प्रबंध अडकलेल्या तिघी-चौघी, एक निवृत्त बँक मॅनेजर, आणि आपल्या शाळेतल्या दोघी. एक मी. दुसरी आपल्याच वर्गातली. तिनं मला बजावलंय, "माईकवर माझं नाव घेतलंस तर उठून जाईन." त्यामुळे नाव घेत नाही, पण आमच्या बॅचला ती कोण हे आत्ताच कळलं असेल. तालुक्याच्या गावी तिचं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तुमच्यापैकी पुष्कळांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, ठराव, लग्नाच्या याद्या तिच्या बोटांखालून गेल्या आहेत.

पहिल्याच तासाला शिकवणाऱ्या मॅडमनी एक फाइल दिली. साठ पानांचा अहवाल. दिसायला ठीक. मग त्या म्हणाल्या, पहिल्या पानावर दोन ओळी वाढवा. वाढवल्या, आणि पुढचं सगळं कोसळलं. शीर्षकं पानाच्या तळाशी गेली, तक्ते मधोमध तुटले, सहीची जागा एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसली. का? तर ज्यानं तो टाइप केला होता त्यानं नवं पान आणण्यासाठी एंटर दाबत नेलं होतं, आणि मजकूर मधोमध आणण्यासाठी स्पेसबार. आपल्याकडची नव्वद टक्के कागदपत्रं अशीच असतात, असं मला वाटतं. टाइपरायटरवर तसंच करावं लागायचं. यंत्र बदललं, बोटं तीच राहिली.

वर्डला मात्र तुम्ही सांगावं लागतं की ही ओळ काय आहे. मोठी-ठळक कर, असं नाही. हे प्रकरणाचं शीर्षक आहे, हे उपशीर्षक आहे, हा उतारा आहे, हे सांगायचं. त्याला स्टाइल म्हणतात. एकदा हे सांगितलं की अनुक्रमणिका तो स्वतः तयार करतो, पान हललं की आकडे बदलतो, सगळी शीर्षकं निळी हवी असतील तर एका जागी बदललं की दोनशे ठिकाणी बदलतात. मला हे ऐकताना फार ओळखीचं वाटलं. आमच्या धंद्यात पहिला धडाच हा असतो: वस्तू काय आहे ते एकीकडे लिहा, ती दिसते कशी ते दुसरीकडे. वर्डच्या हल्लीच्या फाइलीचं नाव बदलून शेवटी झिप केलं, तर ती उघडते आणि आत हे सगळं नीट मांडून ठेवलेलं दिसतं. मी ते क्लासमध्ये दाखवलं तेव्हा बँक मॅनेजर म्हणाले, "म्हणजे पेटीत पेटी."

मॅडमचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. त्या म्हणाल्या, फाइल ही तुमच्यासाठी नसते, तुमच्यानंतर जो उघडेल त्याच्यासाठी असते. मला ते पटलं. नीट बांधलेली फाइल ही पुढच्या माणसाशी दाखवलेली माणुसकी आहे. त्याला रात्र जागून एंटर खोडत बसावं लागत नाही.

आता माझ्या मैत्रिणीकडे येते. तिला वर्ड येत होतं. वीस-पंचवीस वर्षं पोट त्यावरच चाललंय. तरी ती क्लासला आली, कारण मी तिला एक महिना छळलं. तिचा सुरुवातीचा मुद्दा बरोबर होता: "अगं, मला पानामागं पैसे मिळतात. गिऱ्हाइकाला स्टाइलशी काय घेणं?" तिनं दहावीनंतर टायपिंगचा क्लास लावला होता. आपल्यातल्या कित्येक मुलींनी लावला होता. कॉलेजला पाठवायची ऐपत नाही, पण टायपिंगची तीसची आणि चाळीसची परीक्षा झाली तर कुठं तरी लिपिक म्हणून लागेल, हा त्या वेळचा घरोघरचा हिशेब. मराठी मिनिटाला तीस शब्द, इंग्रजी चाळीस. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत ती अट आजही असते. फक्त परीक्षा आता संगणकावर होते.

त्या क्लासात मशीनं होती गोदरेजची. त्यातली बरीचशी आपल्या शेजारच्या शिरवळला बनलेली असणार. गोदरेजनं भारतात टाइपरायटर बनवायला १९५५ साली सुरुवात केली, आणि पुढे शिरवळच्या कारखान्यात टाइपरायटर बनत. भोर-वेल्ह्याकडच्या पुष्कळ घरांतली माणसं शिरवळच्या कारखान्यांत कामाला जायची, अजून जातात. २००९ च्या सुमाराला टाइपरायटर बंद झाले. आता तिथं गोदरेजचे फ्रिज बनतात. म्हणजे आपल्या मुली ज्या यंत्रावर बोटं घासून शिकल्या, ते यंत्र आपल्याच कुणाच्या तरी काकानं किंवा मामानं जोडलेलं असेल. मला हे उगाच आवडतं.

तर ती तिथं रेमिंग्टन पद्धतीचा मराठी कीबोर्ड शिकली. डोळे मिटून. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच गोष्टीनं सरांच्या वह्या वाचल्या.

आता वह्या. सर समोरच बसलेत, त्यामुळे काही जास्त बोलले तर थांबवा, सर.

आम्ही शाळेत असताना सर दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी जायचे आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलत बसायचे. आम्हाला वाटायचं, सरांना चहा आवडतो. ते शब्द गोळा करत होते. शेतांची नावं, ओढ्यांची नावं, भाताच्या कामातले शब्द, पावसाचे प्रकार, गडावर गुरं चारायला नेणाऱ्यांचे शब्द. राजगडाच्या पाली दरवाजाला आपल्या गावाचं नाव आहे. गडावरची ती भव्य वाट सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्या वाटेच्या दोन्ही अंगांना असलेल्या टेपांना, पाणवठ्यांना आणि खाचरांना काय म्हणतात, हे सरांच्या वहीत होतं आणि पाच-सात म्हाताऱ्यांच्या तोंडात. ती माणसं आता एकेक करून गेली.

पाच वह्या भरल्या. २००३ साली सरांनी त्या शहरातल्या एका टायपिंग सेंटरमधून टाइप करून घेतल्या आणि सीडी आणली. पुढे एका पावसाळ्यात घराचं छप्पर गळलं. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. पाचपैकी तीन वह्यांचा लगदा झाला. सेंटर केव्हाच बंद झालं होतं. राहिली सीडी.

मी ती सीडी पुण्याला नेली. आता लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते, तर आधी तो बाहेरून जोडायचा ड्राइव्ह उसना आणला. फाइल उघडली. दोनशे चौदा पानं. आणि दोनशे चौदा पानांवर एकही मराठी अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, अवतरणचिन्हं, नुसता रांजण फुटल्यासारखा पसारा.

असं का होतं, हे दोन मिनिटं सांगते, कारण तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी अशी एक तरी फाइल आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं आपण मराठी टाइप करत होतो, पण संगणकाच्या लेखी ती मराठी नव्हतीच. फाइलीत इंग्रजी 'डी' साठवलेला असायचा आणि फॉन्ट त्या 'डी'च्या जागी 'क'चं चित्र काढायचा. फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट गेला की सोंग उतरलं. आणि प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचं सोंग वेगळं. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथं 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, जगात कुठेही तो 'क'च. देवनागरीला तसे क्रमांक १९९१ सालच्या पहिल्या युनिकोडपासून आहेत, आणि विंडोज २००० बरोबर मंगल नावाचा फॉन्टही घरोघर आला. तो ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी आपलेच, मराठी कवी आणि अक्षरांचे मोठे जाणकार. पण दुकानात, छापखान्यात, कचेऱ्यांत जुनी सवय पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. सरांची सीडी त्याच काळातली.

फाइलीत फॉन्टचं नाव होतं, पण तो फॉन्ट कुठं मिळेना. मी ते पान मोबाइलवर फोटो काढून मैत्रिणीला पाठवलं, नुसतं रडगाणं म्हणून. पाच मिनिटांत तिचा फोन. "अगं, हे तर वाचता येतंय."

मला वाटलं चेष्टा करतेय. ती म्हणाली, "पहिल्या ओळीत बघ. जे, के, ई. राम. 'जे'वर र असतो, 'के'वर काना, 'ई'वर म. आणि खाली बघ, कॅपिटल एच, मग के, के, आर. भात."

तिच्या बोटांना ठाऊक होतं. रेमिंग्टन कीबोर्डवर 'भ' एका कळीत येत नाही. आधी अर्धा भ, मग काना, तेव्हा तो पूर्ण होतो. म्हणून भातासाठी दोनदा काना. कृतिदेव फॉन्ट याच पद्धतीनं बांधलेला आहे, आणि सरांच्या सीडीतला फॉन्ट त्याच घराण्यातला निघाला. मी डोळ्यांनी जिथं कचरा पाहत होते, तिथं ती बोटांनी मराठी वाचत होती. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आणि नोकरीच्या वीस वर्षांत मी असं काही पाहिलेलं नाही.

मग आम्ही कामाला लागलो. इंटरनेटवर अशा फॉन्टचं युनिकोड करून देणारी साधनं मिळतात. आम्ही दोन-तीन वापरून पाहिली. ती बहुधा हिंदीसाठी बेतलेली, आपल्या ळ शी आणि ऱ्या शी अडखळणारी. शेवटी मी स्वतः छोटा प्रोग्राम लिहिला आणि तिनं तक्ता करून दिला: कोणत्या चिन्हाला कोणतं अक्षर. एकास एक बदललं की झालं, असं ते नसतं. ऱ्हस्व वेलांटी टाइपरायटरवर आधी मारतात आणि अक्षर नंतर. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर. रफाराचं उलटं. 'सर्व' म्हणताना र आधी उच्चारतो, पण टायपिस्ट रफार सगळ्यात शेवटी मारतो. तर प्रत्येक वेलांटी उचलून मागं टाकायची आणि प्रत्येक रफार उचलून पुढं आणायचा. ते प्रोग्रामनं केलं. प्रोग्रामला जिथं कळलं नाही तिथं मैत्रिणीनं केलं. सहा रविवार लागले. ती दुकान बंद करून रात्री बसायची, मी पुण्याहून. मध्ये रेंज गेली की तिकडून नुसता "ऐकू येतंय का" एवढाच आवाज.

इथवर क्लासचा संबंध नव्हता. मराठी झालेला मजकूर हातात आला आणि मग क्लास कामाला आला.

सरांना शेवटी सूची हवी होती. म्हणजे कोणताही शब्द घ्या, तो कुठल्या पानावर आहे ते सांगणारी. वर्डमध्ये शब्दावर खूण करून ती करता येते. करायला घेतली, तर 'कातकऱ्यांचा पाणवठा' सूचीत दोनदा आला. दोन्ही डोळ्यांना अगदी सारखे. मॅडमना विचारलं, त्यांनी आमच्याकडूनच शोधून घेतलं. हा जो आपला अर्धा र आहे, दुसऱ्या, शेतकऱ्या, वाऱ्या यांतला, तो युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक, त्यासाठी असलेल्या वेगळ्या नुक्तावाल्या 'ऱ'चा पाय मोडून. दोन, साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. दिसायला सारखे, आतून निराळे. एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. 'ॲ'चंही तसंच. त्याला स्वतःचा क्रमांक २००८ साली मिळाला, त्याआधीचे सगळे 'ॲ' हे 'अ'वर चंद्र चढवून केलेले.

तुम्ही म्हणाल, ही बारकाईची हौस झाली. नाही हो. तुमचं नाव मतदारयादीत शोधताय आणि सापडत नाही, शेतकऱ्यांच्या यादीत कॉम्प्युटर 'नाही' म्हणतो, त्यामागं काही वेळा एवढंसंच कारण असू शकतं. शासनानं मराठी वर्णमाला आणि अक्षरांची रूपं ठरवून देणारा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ ला काढला. कागदावर अक्षर कसं दिसावं ते त्यानं ठरलं. पण आत काय साठवलंय हे टाइप करणाऱ्याच्या बोटावर आहे, आणि त्या बोटाला हे कुणी शिकवत नाही. माझं मत विचाराल तर प्रत्येक टायपिंगच्या परीक्षेत वेगाबरोबर हाही एक प्रश्न असायला हवा.

आम्ही शोधा-बदलाच्या एका झपाट्यात सगळी फाइल एका रीतीची केली. कातकऱ्यांचा पाणवठा एक झाला.

मग फाइल सरांकडे तपासायला गेली. क्लासमध्ये ट्रॅक चेंजेस शिकवलं होतं. म्हणजे दुसऱ्यानं केलेली दुरुस्ती रंगात दिसते, खोडलेलं खोडलेलं दिसतं, आणि मूळ लिहिणारा ती मान्य-अमान्य करतो. सरांच्या नातीनं त्यांना लॅपटॉप लावून दिला. वय एकोणऐंशी. पहिल्या दिवशी त्यांनी एक पान तपासलं, दहाव्या दिवशी चाळीस. आठवीत माझ्या निबंधावर जो लाल रंग असायचा तोच लाल रंग माझ्या पडद्यावर आला. वर्डनं पहिल्या तपासणाऱ्याला तोच रंग दिला, हा योगायोग. मला नाही वाटत.

पण एक दिवस सरांचा फोन. आवाज कडक. "पोरी, मी फक्त चुकलेल्या जागी लाल केलंय. बाकीच्या शब्दांखाली ही लाल नागमोडी रेघ कोणी ओढली?"

दाढ, आवणी, चिखलणी, उडवी, वरकस, इरलं. कुणाकुणाखाली रेघ होती आणि कुणाखाली नव्हती. ती वर्डची शुद्धलेखन तपासणी. त्याच्या यादीत जो शब्द नाही त्याखाली तो लाल रेघ ओढतो. यादी ज्यांनी केली ते कधी भाताची दाढ भाजायला आपल्याकडे आले नव्हते. त्यांचा दोष नाही. पण सरांनी ज्या म्हाताऱ्यांसमोर बसून हे शब्द टिपले त्यांचं बोलणं पानापानावर चुकीचं ठरवलेलं पाहून सरांना जे वाटलं, ते मला फोनवर ऐकू आलं. ते म्हणाले, "हे शब्द चूक नाहीत, हे शब्द इथले आहेत."

उपाय सोपा होता. शब्दावर उजवी कळ दाबायची आणि 'शब्दकोशात घाला' म्हणायचं. मग तो त्या शब्दाला पुन्हा हटकत नाही. ही आपली स्वतःची यादी वेगळी फाइल म्हणून राहते, दुसऱ्याला देता येते. सर आणि त्यांची नात, दोघांनी बसून एकेक शब्द घातला. चारशे ऐंशीच्या वर शब्द झाले. ती छोटी फाइल मी आज शाळेच्या संगणकावर घालून ठेवली आहे. यापुढे आपल्या शाळेतल्या मुलानं 'उडवी' लिहिलं तर निदान आपल्या शाळेतला संगणक तरी त्याला चूक म्हणणार नाही.

थोडं निमंत्रणांविषयी. तुम्हाला प्रत्येकाला तुमच्या नावाचं पत्र आलं, पाकिटावर पत्ता छापून. दोनशे बारा पत्रं. ती कुणी एकेक टाइप केलेली नाहीत. याला मेल मर्ज म्हणतात: पत्र एक, नावांचा तक्ता एक, दोन्ही जोडायचे. त्यात अटी घालता येतात. तक्त्यात 'शिक्षक' असेल तर मायना निराळा, पुरुष असतील तर 'सर', स्त्री असतील तर 'बाई'. आणि एक अट अशीही असते, की अमुक असेल तर हे नाव वगळ. जुन्या पटावरून तक्ता करताना आम्ही एक रकाना त्यासाठी ठेवला होता. नऊ जणांची पत्रं निघाली नाहीत. त्यात आपले गणिताचे सर होते, शिपाईमामा होते, आणि आमच्या वर्गातले दोघं होते. ती अट मी घातली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. त्यानंतर त्या दिवशी मी काम पुढं नेलं नाही.

आता मैत्रिणीच्या दुकानाचं. क्लासच्या शेवटी मॅडमनी तीच साठ पानांची कोसळणारी फाइल पुन्हा दिली, म्हणाल्या, एकही शब्द न बदलता नीट करा. मला पन्नास मिनिटं लागली. हिला बावीस. वर्गात पहिली आली. सांगू नको म्हणाली होती, पण नाव कुठं घेतलंय मी!

दुकानात याचा काय उपयोग झाला? झाला. ग्रामसभेच्या ठरावाचा, वारसनोंदीच्या अर्जाचा, प्रतिज्ञापत्राचा असा प्रत्येकाचा तिनं साचा करून ठेवला. फक्त नाव-गाव-गट नंबर भरायचं, बाकी जागच्या जागी. जिथं अर्धा तास जायचा तिथं सहा-सात मिनिटं जातात. आणि मग एक गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, पाच मिनिटांत झालं, मग एवढे पैसे कशाचे?" त्याला ती काय म्हणाली ते सांगत नाही, इथं गुरुजन आहेत. पण प्रश्न खरा आहे. आपल्याकडे घाम दिसला तर पैसे देतात. शिकून सोपं केलेल्या कामाचे द्यायला हात आखडतो. मला माझ्या नोकरीत काम लवकर संपलं म्हणून कुणी पगार कापत नाही. उलट बढती देतात. तिला मात्र दर पानाला पडतात. तिच्यात आणि माझ्यात दहावीला चार मार्कांचा फरक होता, आणि तोसुद्धा तिच्या बाजूनं.

आता तिनं पाटी बदलली आहे. 'टायपिंग' काढून 'पुस्तक, अहवाल, प्रबंध बांधणी' लिहिलंय. क्लासमधल्या प्रबंधवाल्या तिघींचं काम तिच्याकडे आलं आहे, आणि ते पानावर नाही, कामावर ठरवलंय. माझ्या माहितीतली दोन कामं मी पाठवली. तुमच्याकडे असतील तर तुम्ही पाठवा. ही जाहिरात समजा हवं तर.

राहता राहिलं सरांचं पुस्तक. दोनशे चौदा पानांतलं बहुतेक सगळं वाचून झालं, लावून झालं. एकतीस शब्द मात्र अडलेत. टाइप करणाऱ्यानं तेव्हाच काही तरी वेगळी कळ दाबलेली असावी. मैत्रिणीच्या बोटांनाही ते ओळखू येत नाहीत, आणि सरांना वह्या नसल्यानं आठवत नाहीत. बरेचसे खरीवच्या बाजूच्या शेतांची आणि कानंदीकाठच्या जागांची नावं असावीत, कारण आजूबाजूच्या ओळी तशा आहेत. दोन-तीन गुरांच्या रोगांचे शब्द वाटतात.

ती यादी मोठ्या अक्षरांत छापून मागच्या टेबलावर ठेवली आहे, पाण्याच्या पिंपाशेजारी. प्रत्येक शब्दापुढं आधीची आणि नंतरची ओळ दिली आहे आणि मोकळी जागा सोडली आहे. पेन्सिल दोरीनं बांधून ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी, विशेषतः जे अजून गावात शेती करतात त्यांनी, एक नजर टाका. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी फोटो काढून घरी न्या आणि आजीला वाचून दाखवा. सतरावा शब्द 'चोंढी'नं सुरू होतो एवढं नक्की, पुढचं कळत नाही. सर म्हणतात तिथं पूर्वी जांभळाची दोन झाडं होती.